झोप आणि मेंदूतील संदेशवहन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोपेच्या मेंदूविज्ञानाबद्दल विद्यार्थी, सर्वसामान्य वाचक आणि झोपेच्या तक्रारींनी त्रासलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना एक पथ्य पाळले आहे. प्रयोगांनी जे पक्के झाले आहे ते ठामपणे मांडले आहे आणि ज्यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत, तिथे मतभेद आहेत असेच सांगितले आहे.

झोपेत मेंदू बंद होतो का?

नाही. गाढ झोपेत मेंदूचा ऊर्जेचा खर्च बराच उतरतो, हे खरे आहे. परंतु ज्या टप्प्यात आपल्याला ठळक स्वप्ने पडतात, त्या टप्प्यात तो जवळजवळ जागेपणीइतकाच असतो. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेत त्याचा वाटा मात्र सुमारे २० टक्के, हे लक्षात घेतले तर रात्रभर चाललेले हे काम किती मोठे आहे याची कल्पना येते.

तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ झोपेला जागेपणाचा निव्वळ अभाव समजत असत. डोळे, कान आणि त्वचा यांच्याकडून येणारे संदेश ओसरले की मेंदू आपोआप मंदावतो, अशी त्यांची समजूत होती. बेल्जियमचे फ्रेडरिक ब्रेमर यांनी १९३५ मध्ये मांजरांच्या मेंदूचा वरचा भाग खालच्या मस्तिष्कस्तंभापासून, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठापासून, तोडला, तेव्हा वरच्या भागात झोपेसारख्या लहरी दिसू लागल्या आणि या समजुतीला बळच मिळाले. १९४९ मध्ये जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभाच्या मध्यभागातील जाळीदार रचनेला विजेचा सौम्य धक्का दिला. त्या जागेवरून कोणतीही संवेदना थेट वर जात नव्हती, तरीही संपूर्ण मेंदूच्या लहरी जागेपणीसारख्या झाल्या. जागे राहण्यासाठी मेंदूतूनच एक सक्रिय चालना मिळावी लागते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांना दिसले की झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून अनेकदा पापण्यांखाली वेगाने हलतात, आणि त्याच वेळी त्याला उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. बंद पडलेल्या यंत्रात असे काही घडत नसते.

मेंदूतील संदेश झोपेत मोजतात कसे?

डोक्याच्या त्वचेवर लावलेले विद्युतअग्र खालच्या लक्षावधी चेतापेशींच्या एकत्रित विद्युतहालचाली टिपतात. या नोंदीला ईईजी म्हणतात. माणसाचा पहिला ईईजी जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेच्या प्रयोगशाळेत त्याच्या जोडीला डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांचीही नोंद होते आणि ३० सेकंदांचा एकेक तुकडा तपासून त्याला झोपेचा टप्पा ठरवून दिला जातो.

या पद्धतीची मर्यादा स्पष्ट आहे. ईईजी म्हणजे भरलेल्या मैदानाबाहेर उभे राहून आतला गलका ऐकण्यासारखे आहे: जल्लोष कधी झाला हे कळते, कोण काय म्हणाले ते कळत नाही. एकेका पेशीचे म्हणणे ऐकण्यासाठी प्राण्यांच्या मेंदूत अतिसूक्ष्म विद्युतअग्र बसवावे लागतात. गेल्या दोन दशकांत प्रकाशाने ठरावीक पेशी सुरू किंवा बंद करण्याचे ऑप्टोजेनेटिक्स हे तंत्र आले आणि प्रश्नच बदलला. पूर्वी ‘ही पेशी जागे होताना सक्रिय असते’ एवढेच म्हणता येई. आता ‘ही पेशी सक्रिय केली की उंदीर जागा होतो’ असे म्हणता येते. निरीक्षण आणि कारण यांतील हे अंतर ज्यांना उमगते, त्यांना या क्षेत्रातील निम्म्याहून अधिक वाद समजतात.

झोपेचे टप्पे कोणते?

झोपेचे मुख्य प्रकार दोन: नॉन-रेम आणि रेम. रेम हे नाव डोळ्यांच्या जलद हालचालींवरून आले आहे. नॉन-रेमचे तीन टप्पे मानतात. पहिला म्हणजे डुलकी. दुसऱ्या टप्प्यात सेकंदाला सुमारे ११ ते १६ आवर्तनांचे छोटे झटके दिसतात आणि त्यांच्या आकारावरून त्यांना स्पिंडल, म्हणजे चाती, म्हणतात. तिसरा टप्पा गाढ झोपेचा. त्यात सेकंदाला ४ पेक्षा कमी आवर्तनांच्या उंच, संथ लहरी असतात. नॉन-रेम आणि रेम मिळून एक चक्र साधारण ९० मिनिटांचे होते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते, पहाटेकडे रेम झोप वाढत जाते.

या संथ लहरी कशा तयार होतात हे समजून घेण्यासारखे आहे. जागेपणी कॉर्टेक्समधील, म्हणजे मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्य थरातील चेतापेशी आपापल्या कामानुसार वेगवेगळ्या क्षणी संदेश सोडतात, त्यामुळे एकत्रित नोंद बारीक आणि विस्कळीत दिसते. गाढ झोपेत मोठ्या प्रदेशातील पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. बोलणे आणि गप्प होणे यांची ही आलटापालट सेकंदाला एकाहूनही कमी वेळा होते, हे मिर्चा स्तेरियाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. लहर उंच दिसते ती पेशी जास्त काम करतात म्हणून नाही, त्या एका तालात काम करतात म्हणून.

झोप आणि जाग यांची अदलाबदल मेंदूत कोठे होते?

याचा पहिला धागा एका भयंकर साथीत सापडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूदाहाची एक विचित्र साथ पसरली. काही रुग्ण दिवसच्या दिवस झोपून राहत, तर काहींना झोप अजिबात लागत नसे. व्हिएन्नातील कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि मृत रुग्णांचे मेंदू तपासले. अखंड झोपणाऱ्यांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान भागाचा, मागचा भाग बिघडलेला होता आणि झोप गमावलेल्यांचा पुढचा. मागच्या बाजूला जाग ठेवणारे आणि पुढच्या बाजूला झोप आणणारे केंद्र असले पाहिजे, हा त्यांचा तर्क मेंदूत विद्युतअग्र घालून पाहण्याची सोय होण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि तो मूलतः बरोबर ठरला. मेंदूविज्ञानाच्या इतिहासातील हे निरीक्षण मला सर्वांत आदरणीय वाटते.

आज त्या केंद्रांची नावे आणि रसायने माहीत आहेत. जाग ठेवणाऱ्या पेशींचे गट मस्तिष्कस्तंभात आणि हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात आहेत. ते नॉरएड्रेनॅलिन, सेरोटोनिन, हिस्टॅमिन, डोपॅमिन आणि ॲसिटिलकोलीन ही रसायने संपूर्ण मेंदूभर सोडतात. सर्दीची जुनी औषधे घेतल्यावर गुंगी येते ती यामुळेच, कारण ती मेंदूत शिरून हिस्टॅमिनचा संदेश अडवतात. झोपेच्या बाजूचा एक महत्त्वाचा गट हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आहे. क्लिफर्ड सेपर आणि सहकाऱ्यांनी तो १९९६ मध्ये उंदरांच्या जातीच्या प्राण्यांमध्ये दाखवला. या पेशी गाबा आणि गॅलानिन ही शमन करणारी रसायने वापरून जागेच्या केंद्रांना गप्प करतात; उलट जागेची केंद्रेही त्यांना गप्प करतात. दोन्ही बाजू एकमेकींना दाबत असल्यामुळे जी जरा वरचढ होते ती लगेच पूर्ण वरचढ होते आणि मेंदू मधल्या अवस्थेत फार वेळ रेंगाळत नाही. विजेच्या बटणासारखी ही रचना आहे.

मग हे बटण सतत खालीवर का होत नाही?

कारण त्याला एक टेकू आहे. त्याचे नाव ऑरेक्सिन, आणि त्याच्या शोधाची हकीकत सविस्तर सांगायला हवी.

१९९८ मध्ये दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हायपोथॅलॅमसमधील एकच रसायन शोधले. लुइस दे लेसेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हायपोक्रेटिन म्हटले. मासाशी यानागिसावा आणि ताकेशी साकुराई यांच्या गटाने ते भुकेशी संबंधित आहे असे समजून भुकेच्या ग्रीक शब्दावरून ऑरेक्सिन हे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी खरा उलगडा झाला. स्टॅनफर्डमध्ये एमान्युएल मिन्यो अनेक वर्षे नार्कोलेप्सी, म्हणजे भर दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, झालेल्या डॉबरमन कुत्र्यांच्या जनुकांचा माग काढत होते. या कुत्र्यांना आवडते खाणे दिसले की आनंदाच्या भरात त्यांचे पाय लुळे पडत. दोष निघाला ऑरेक्सिनचा संदेश घेणाऱ्या एका रिसेप्टरच्या जनुकात. त्याच सुमारास यानागिसावा यांच्या गटाने ऑरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले आणि अंधारात अवरक्त कॅमेऱ्याने त्यांचे चित्रीकरण केले, तेव्हा चालता चालता ते अचानक कोसळताना दिसले. २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांचे मृत्यूनंतर मेंदू तपासण्यात आले. निरोगी मेंदूत या पेशी सुमारे ७०,००० असतात; या रुग्णांमध्ये त्यांपैकी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या होत्या. अब्जावधी पेशींच्या मेंदूत एवढासा पुंजका गेला की जागेपण टिकत नाही, भर दिवसा झोपेचे झटके येतात आणि हसताना गुडघ्यांतले बळ जाते.

या आजारात शरीराची प्रतिकारसंस्थाच त्या पेशींवर उलटत असावी, याला बराच पुरावा आहे, कारण बहुतेक रुग्णांमध्ये प्रतिकारसंस्थेच्या एका विशिष्ट जनुकाचे ठरावीक रूप आढळते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवातील ऑरेक्सिनचे प्रमाण मोजून निदानही करता येते. मला येथे आग्रहाने सांगायचे आहे ते हे, की नार्कोलेप्सीच्या रुग्णांना निदानाआधी कित्येक वर्षे आळशी, बेफिकीर किंवा मनाने दुबळे म्हटले जाते. त्यांच्या मेंदूत या हजारो पेशी उरलेल्या नाहीत. इच्छाशक्तीने त्या परत येत नाहीत.

दिवसभर जागे राहिल्यावर झोपेचा भार वाढतो, तो कशाचा?

अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली दोन प्रक्रियांची कल्पना आजही या प्रश्नाचा पाया आहे. एक प्रक्रिया जागे राहिलेल्या तासांनुसार वाढत जाणाऱ्या दाबाची आणि दुसरी शरीरातील घड्याळाची. दोन्हींच्या मिळवणीवर झोपेची वेळ ठरते.

दाबाचा एक वाहक म्हणजे ॲडेनोसिन. पेशी ऊर्जेसाठी जो एटीपी वापरतात, त्याचे विघटन होऊन हे रसायन तयार होते. १९९७ मध्ये मांजरांवरील प्रयोगात दिसले की जागरण लांबले की मेंदूच्या पुढील तळभागात ॲडेनोसिन साठते आणि झोप मिळाली की ते ओसरते. कॉफी आणि चहातील कॅफीन ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवर स्वतः बसते आणि संदेश अडवते. ॲडेनोसिन मात्र तसेच राहते. त्यामुळे कॅफीन झोपेची गरज भागवत नाही, ती गरज कळवणारा निरोप तेवढा दाबून ठेवते. प्रौढ माणसाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण ५ तास लागतात, हा काळ व्यक्तीनुसार बराच बदलतो, आणि म्हणून सायंकाळी घेतलेला पेला एकाला काहीच करत नाही तर दुसऱ्याला मध्यरात्रीपर्यंत जागवतो.

ॲडेनोसिन म्हणजे सगळे उत्तर नाही. २०१६ मध्ये यानागिसावा यांच्या गटाने हजारो उंदरांच्या झोपेची तपासणी करून एका जनुकातील असा बदल शोधला, ज्यामुळे उंदरांची झोपेची गरजच वाढते. एसआयके-३ नावाचे हे जनुक प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर (एन्झाइम) बनवते. जागेपणी चेतासंधींमधील, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जुळतात त्या जागांमधील, प्रथिनांवर चढत जाणारे फॉस्फेट हाच झोपेच्या कर्जाचा हिशेब असेल का, याचा शोध आता चालू आहे.

शरीरातील घड्याळ कोठे असते?

हायपोथॅलॅमसमध्ये, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० पेशींच्या जोडगोळीत. प्रकाशाअभावी माणसाचे हे घड्याळ सरासरी २४.२ तासांचा फेरा घेते, म्हणजे रोज थोडे मागे पडते आणि सकाळच्या उजेडाने पुन्हा लावले जाते. हा उजेड मोजणाऱ्या पेशी डोळ्यातल्याच, पण पाहण्याच्या कामातल्या नाहीत. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन हे वेगळे रंगद्रव्य असते आणि निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात. फळमाशीत या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोपेत आवाज कानावर पडतो, तरी आपल्याला ऐकू का येत नाही?

आवाज कानापर्यंत पोहोचतो आणि मेंदूतही शिरतो. स्वतःच्या नावाने किंवा बाळाच्या रडण्याने चटकन जाग येते, यावरूनच दिसते की काहीतरी आत ऐकले जात आहे.

संवेदनांचे बहुतेक मार्ग थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागातून जातात. जागेपणी तेथील पेशी आलेला संदेश जसाच्या तसा पुढे पाठवतात. नॉन-रेम झोपेत नॉरएड्रेनॅलिन आणि ॲसिटिलकोलीन कमी झाले की त्याच पेशींचा विद्युतदाब उतरतो आणि त्या सुटे संदेश पाठवण्याऐवजी ठेक्यात झटके देऊ लागतात. स्पिंडलचा उगम थॅलॅमसभोवतीच्या पातळ आवरणवजा केंद्रातच आहे.

मात्र थॅलॅमसचे हे दार अर्धवट मिटणे एवढेच कारण पुरेसे नाही. मार्चेल्लो मास्सिमिनी, जूलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेला प्रयोग मला या विषयाचा गाभा वाटतो. त्यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन कॉर्टेक्सचा एक छोटा भाग थेट उत्तेजित केला, म्हणजे कान, डोळे आणि थॅलॅमसचे दार यांना पूर्ण वगळले. जाग्या माणसात तो संदेश एका भागातून दुसऱ्या भागात, कित्येक सेंटीमीटर दूरपर्यंत फिरत गेला. त्याच माणसाच्या नॉन-रेम झोपेत सुरुवातीचा प्रतिसाद उलट अधिक जोरदार होता, पण तो जागच्या जागी विझला. मेंदूचा प्रत्येक भाग जिवंत होता, प्रतिसाद देत होता. शेजारच्याला तो काही सांगत नव्हता. जाणीव हरपते ती पेशी थांबल्यामुळे नव्हे, त्यांच्यातील दूरवरचा संवाद तुटल्यामुळे, या विचाराला इतका नेमका आधार देणारे प्रयोग थोडेच आहेत. हेच तंत्र पुढे बेशुद्ध रुग्णांमध्ये जाणीव उरली आहे का हे तपासण्यासाठी वापरले जाऊ लागले.

स्वप्नात धावतो, तेव्हा पाय का हलत नाहीत?

रेम झोपेत मस्तिष्कस्तंभातून मेरुरज्जूकडे जाणारा संदेश तेथील स्नायू हलवणाऱ्या चालक पेशींना ग्लायसिन आणि गाबा यांच्या साहाय्याने शांत करतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे मोकळे राहतात. फ्रान्समधील लिऑं येथे मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील एका भागाला इजा केली, तेव्हा झोपलेली मांजरे उठून भक्ष्यावर झेप घेतल्यासारखी वागू लागली. जागृत मेंदू आणि लुळे शरीर या विरोधामुळे झुवे यांनी या अवस्थेला विरोधाभासी झोप असे नाव दिले.

रेममध्ये नॉरएड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशी जवळजवळ पूर्ण थांबतात आणि ॲसिटिलकोलीन भरपूर असते. रसायनांचा हा जोड जागेपणी कधीच नसतो. स्वप्ने नॉन-रेममध्येही पडतात, पण रेममधील स्वप्ने सहसा अधिक लांब आणि अधिक चित्रमय असतात. २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी दाखवले की आपण स्वप्नात आहोत याचे भान असलेले काही जण रेम झोपेतच सोपी गणिते ऐकून डोळ्यांच्या ठरावीक हालचालींनी बरोबर उत्तर देऊ शकतात.

झोपेमुळे स्मरणशक्ती पक्की होते, हे सिद्ध झाले आहे का?

होय, झोपेचा आठवणींना उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे. तो नेमका कोणत्या मार्गाने होतो यावर काम चालू आहे.

१९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी पाहिले की उंदीर एखाद्या जागेत फिरताना हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागातील ज्या पेशी एकत्र सक्रिय होतात, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय होतात. पुढे कळले की वाटेवरचा क्रमसुद्धा पुन्हा वाजवला जातो, मात्र कित्येक पट वेगाने, आणि हे रिपल नावाच्या अतिजलद लहरींच्या वेळी घडते. २००९ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी झोपेत नेमक्या त्या लहरी विजेच्या हलक्या स्पंदाने मोडल्या आणि उंदरांचे शिकणे मंदावले. येथे निरीक्षणाचे कारणात रूपांतर झाले. संथ लहर, तिच्या चढावर स्पिंडल आणि स्पिंडलच्या खाचेत रिपल अशी तिन्हींची सांगड हिप्पोकॅम्पसमधील आठवण कॉर्टेक्सकडे सोपवत असावी, असे आज मानले जाते.

माणसांवरचा एक सुंदर प्रयोग २००७ मधला आहे. पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करताना स्वयंसेवकांना गुलाबाचा वास दिला गेला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिल्यावर सकाळी त्यांना जागा अधिक चांगल्या आठवल्या.

म्हणून झोपेत ध्वनिफीत लावून नवी भाषा शिकता येईल, असा अर्थ काढू नये. झोप आधी शिकलेले पक्के करते.

झोपेत चेतासंधी कमकुवत होतात, असेही वाचले आहे. मग आठवण पक्की कशी होते?

हा खरोखर अवघड प्रश्न आहे. तोनोनी आणि कियारा चिरेली यांनी २००३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार दिवसभर शिकताना चेतासंधी बळकट होत जातात; हे असेच चालले तर ऊर्जा आणि जागा दोन्ही संपतील, म्हणून झोपेत त्या सरसकट थोड्या सैल केल्या जातात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या कॉर्टेक्समधील जवळपास ७,००० चेतासंधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. झोपेनंतर त्यांचा आकार सरासरी १८ टक्क्यांनी लहान आढळला, आणि सर्वांत मोठ्या चेतासंधी मात्र तशाच राहिल्या होत्या. जे ठळक आहे ते ठेवून बारीकसारीक पुसले जाते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

दुसऱ्या बाजूला, २०१४ मधील एका प्रयोगात नवे कौशल्य शिकलेल्या उंदरांच्या चेतातंतूंवर झोपेत नवे काटे, म्हणजे चेतासंधी जिथे जुळतात ते बारीक उंचवटे, उगवताना दिसले, आणि झोप हिरावल्यावर ते कमी उगवले. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात: बहुतांश जाळे सैल होत असताना निवडक जागा घट्ट होऊ शकतात. माझ्या मते एकच सिद्धांत सगळी झोप समजावून सांगेल, ही अपेक्षाच सोडावी.

झोपेत मेंदूची साफसफाई होते का?

याबाबत सावध राहावे. २०१३ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने दाखवले की झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधील मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि मस्तिष्क-मेरुद्रव आत शिरून टाकाऊ द्रव्ये वेगाने वाहून नेतो. २०१९ मध्ये माणसांतही संथ लहरींपाठोपाठ या द्रवाच्या लाटा येताना दिसल्या. परंतु २०२४ मध्ये लंडनमधील एका गटाने वेगळ्या पद्धतीने मोजले, तेव्हा उंदरांच्या झोपेत निचरा वाढण्याऐवजी घटलेला आढळला. लगेच २०२५ मध्ये नेडरगार्ड यांच्या गटाने नॉरएड्रेनॅलिनच्या संथ चढउतारांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून द्रव पुढे ढकलला जातो असे दाखवले. मोजण्याच्या पद्धतींवरचा हा वाद मिटलेला नाही. ‘झोप मेंदू धुऊन काढते’ हे वाक्य आकर्षक आहे म्हणून पक्के ठरत नाही.

कमी झोपेची सवय होते का?

होते असे वाटते, हीच अडचण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात स्वयंसेवकांना १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिले. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली, पण आपल्याला किती झोप येते आहे याचे त्यांचे स्वतःचे मोजमाप लवकरच स्थिरावले होते. बिघाड वाढत होता, त्याची जाणीव वाढत नव्हती.

याचे एक कारण पेशींच्या पातळीवर दिसते. २०११ मध्ये जागरण घडवलेल्या उंदरांत आढळले की प्राणी डोळे उघडे ठेवून हालचाल करत असतानाही कॉर्टेक्समधील काही पेशी क्षणभर झोपेतल्यासारख्या गप्प होतात, आणि अशी शांतता चुकीच्या क्षणी आली तर हातातले काम चुकते. वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत तो क्षण जिवावर बेततो. थोड्या झोपेवर खरोखर निरोगी राहणारी माणसे आहेत, काहींमध्ये त्यामागचे जनुकीय बदलही सापडले आहेत. पण ती अत्यंत विरळ आहेत.

झोपेच्या गोळीने येणारी झोप नैसर्गिक असते का?

पूर्णपणे नाही. जुन्या गोळ्या गाबाचे शमन मेंदूभर वाढवतात, त्यामुळे झोप लागते, पण लहरींचा साचा बदलतो. ऑरेक्सिनचा रिसेप्टर अडवणारी औषधे, ज्यांपैकी पहिल्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, जागेचा टेकू काढून घेतात. तो मार्ग नैसर्गिक झोपेच्या अधिक जवळचा आहे. कोणतीही गोळी सुरू करणे किंवा एकदम थांबवणे डॉक्टरांना विचारूनच करावे.

माशी आणि उंदीर यांच्यावरचे निष्कर्ष माणसाला लागू पडतात का?

पुष्कळदा पडतात, नेहमी नाही. २००० मध्ये फळमाशी झोपते हे दाखवले गेले, आणि तिलाही कॅफीनने जाग राहते. २०१७ मध्ये मेंदूच नसलेल्या एका जेलीफिशमध्ये झोपेसारखी अवस्था आढळली. डॉल्फिन मेंदूचा एकेक अर्धा भाग पाळीपाळीने झोपवतात. झोपेत शत्रूच्या तावडीत सापडण्याचा धोका पत्करूनही उत्क्रांतीने झोप टिकवली, यावरून तिचे मूळ काम खूप जुने असणार. तरी उंदीर दिवसा, तुकड्यातुकड्यांत झोपतो, आणि त्याच्यावर यशस्वी झालेले औषध माणसात अपयशी ठरल्याची उदाहरणे आहेत.

या संशोधनाचा रुग्णांना आज काय उपयोग आहे?

नार्कोलेप्सीत हरवलेल्या ऑरेक्सिनचे काम करणाऱ्या तोंडाने घ्यायच्या औषधांच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत. त्यांपैकी एका औषधाने जागेपण उल्लेखनीय वाढवले, पण यकृतावरील दुष्परिणामांमुळे त्याची चाचणी थांबवावी लागली. त्यानंतरच्या औषधाचे सुरुवातीचे निकाल आशादायक आहेत.

दुसरा उपयोग निदानाचा आहे. रेम झोपेतील स्नायूंचे शमन निकामी झाले की माणूस स्वप्नातील मारामारी अंथरुणातच करू लागतो. हा विकार १९८६ मध्ये प्रथम व्यवस्थित नोंदवला गेला. उतारवयात तो सुरू झालेल्या अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा दुसरा आजार होतो, कारण या रोगातील बिघाड हालचालीच्या केंद्रांआधी मस्तिष्कस्तंभातील झोपेच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे घरातील ज्येष्ठ व्यक्ती झोपेत ओरडत, हातपाय झाडत असेल, तर ती वयाची खोड समजू नये. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, झोपेची चाचणी करून घ्यावी आणि तोवर पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवाव्यात.